जुन्या पेट्रोल गाडीला एलपीजी किट बसवावं का? (सोलापूर)

टॉवेलवाला
२०१३ची वॅगन आर आहे, साधी पेट्रोल. टॉवेल-चादरींचे नमुने घेऊन अक्कलकोट, बार्शी, पंढरपूर असं फिरणं असतं, महिन्याला हजार-अकराशे किलोमीटर होतात. गाडीची तक्रार नाही, पेट्रोलच परवडेना झालंय. गॅरेजवाला म्हणतो, सीएनजीच्या नादी लागू नका, डिकी जाईल. एलपीजीची गोल टाकी स्टेपनीच्या जागी बसते, पस्तीस हजारांत काम करून देतो. गाठोडी ठेवायला डिकी तर मला लागतेच. बसवू का? हो किंवा नाही म्हणा, पण कारण सांगा.

हिशेबनीस
नाही. लिटरचा भाव बघून हुरळू नका, किलोमीटरचा भाव बघा. एका लिटर एलपीजीत पेट्रोलपेक्षा साधारण पाव हिस्सा ऊर्जा कमी असते. पेट्रोलवर १६ देणारी गाडी गॅसवर १२-१३ देईल. समजा पेट्रोल १०५ आणि गॅस ६५. म्हणजे पेट्रोलवर किलोमीटरला साडेसहा रुपये, गॅसवर पाच. वाचले दीड. अकराशे किलोमीटरला महिन्याचे सोळाशे, त्यातून रोज सकाळी इंजिन तापेपर्यंत जळणारं पेट्रोल वजा करा. पस्तीस हजार फिटायला दोन वर्षं लागतील. आणि तुमच्या आरसीची पंधरा वर्षं २०२८ला संपतात. किट फिटतंय न फिटतंय तोवर तुम्ही आरटीओच्या दारात.

गॅसवाला गडी
आरसी संपली म्हणजे गाडी भंगारात गेली असं कुणी सांगितलं? फिटनेस दाखवा, पुढची पाच वर्षं मिळतात. एमएच-१३ची नव्वदच्या दशकातली मारुती ८०० अजून नव्या पेठेत बघायला मिळते की! म्हणजे किट फिटल्यावरची सगळी वर्षं नफ्याची. आणि हजार-अकराशे हा आजचा आकडा झाला. गॅस स्वस्त पडतो म्हटल्यावर माणूस लातूरलाही स्वतःच्या गाडीने जातो, एसटीने नाही.

माझी गाडी बरीच वर्षं गॅसवर आहे. सकाळी पेट्रोलवर चालू होते, पाणी तापलं की डॅशबोर्डवरचं बटण टक् करतं आणि हिरवा दिवा लागतो. त्यानंतर आपण कशावर चाललोय हे चढ आल्याशिवाय कळत नाही.

जुळे सोलापूरकर
चढ आल्यावर कळतं, हे बरं कबूल केलंत.

माझा आक्षेप वेगळा आहे. गॅस भरणार कुठे? पंढरपूर रस्त्यावर, बार्शी रस्त्यावर ऑटो एलपीजीच्या किती पाट्या दिसल्या, आठवून बघा. मारुतीने २००६ साली वॅगन आर ड्युओ आणली होती, कंपनीतूनच एलपीजी. तेव्हा वाटलं होतं हेच चालणार. पुढे सगळ्या कंपन्या सीएनजीकडे वळल्या. राज्य सरकारनेही २०२२मध्ये सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरा टक्क्यांवरून तीनवर आणला. पंप काढणारा माणूस गिऱ्हाईक बघतो. ज्या इंधनाच्या नव्या गाड्याच येत नाहीत, त्याचा पंप कोण काढेल? आहे तो बंद पडला की तुमची टाकी म्हणजे डिकीखाली कायमचं वजन.

गॅसवाला गडी
बंगळुरूच्या रिक्षा कशावर चालतात मग? पोलंड, तुर्कस्तानात लाखो गाड्या एलपीजीवर आहेत.

जुळे सोलापूरकर
टॉवेलवाले बार्शीला जाणारेत, तुर्कस्तानला नाही.

सात रस्ता
काय बे, एवढा काथ्याकूट कशाला करायलाव? घरची टाकी आहे की. नळी जोडणारे गल्लीत मिळतात. पंप नको, काही नको.

कोरडा मेकॅनिक
@सात रस्ता, हे गमतीनेही लिहू नका, कुणीतरी खरं करतं. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर गाडीला वापरणं गुन्हा आहे. कायद्याचं सोडा, वस्तूच वेगळी आहे. गाडीच्या टाकीवर मल्टिव्हॉल्व्ह असतो, नळी तुटली तर तो गॅस अडवतो, इंजिन बंद झालं की सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारी झडप, बंद. घरच्या सिलिंडरला यातलं काय आहे? त्यात एलपीजी हवेपेक्षा जड. सीएनजी गळला तर वर उडून जातो, हा खाली बसतो. मॅटखाली, सीटखाली, बेसमेंट पार्किंगच्या कोपऱ्यात. असं काही झालं तर इन्शुरन्सवाला हात वर करणार.

आसरा चौक
म्हणूनच माझं मत नाही असं आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४३-४४ला जातो. भर दुपारी गाडी उन्हात उभी, मागे मुलं बसलेली आणि त्यांच्या पाठीमागे गॅसची टाकी? वाचलेले दीड रुपये नकोत मला.

कोरडा मेकॅनिक
उन्हाची भीती मात्र उलटी आहे. टाकी ८० टक्क्यांच्या वर भरतच नाही, आतला फ्लोट गॅस अडवतो. उरलेली जागा उन्हात द्रव फुगण्यासाठीच ठेवलेली असते. दाब म्हणाल तर एलपीजीच्या टाकीत आठ-दहा बार, उन्हाळ्यात थोडा जास्त. सीएनजीच्या सिलिंडरमध्ये दोनशे. आणि त्या ८० टक्क्यांमुळे ४० लिटरची टाकी म्हटली की ३२ धरा, गॅरेजवाला हे सांगत नाही.

मी जे बिघडलेलं बघतो ते बहुतेक इंजिनच्या बाजूला असतं. रेड्यूसरला कूलंटच्या गरम पाण्याच्या नळ्या जोडलेल्या असतात, त्या उष्णतेवर द्रवाचा वायू होतो. कूलंट कमी झालं की भर मे महिन्यात त्या रेड्यूसरवर पांढरं बर्फ धरतं आणि गाडी धक्के देते. गिऱ्हाईक म्हणतं किट खराब. अहो, पाणी बघा आधी. दुसरं, जुनं मिक्सरवालं स्वस्त किट घेऊ नका, बॅकफायरने एअर फिल्टरचा डबा फुटलेला पाहिलाय. प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेलं सिक्वेन्शियलच घ्या. सिक्वेन्शियल पस्तीस हजारांत येतंय का, ते विचारा. व्हॉल्व्ह सीटही गॅसवर जास्त झिजतात. गाडी बरीच चाललेली असेल तर आधी कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनच्या सिलिंडरमधला दाब, तपासा. ते कमी असेल तर किट विसरा.

हिशेबनीस
म्हणजे खर्च पस्तीसच्या वर. माझी दोन वर्षं अडीच झाली.

टॉवेलवाला
कागदांचं काय? गॅरेजवाला म्हणतो, आरटीओचं नंतर बघू.

कोरडा मेकॅनिक
हे 'नंतर बघू' म्हणजे कधीच नाही. आरसीवर इंधनाची नोंद आणि विम्याच्या पॉलिसीत किटची नोंद, दोन्ही नसतील तर अपघातानंतर तुम्ही एकटे. किट तुमच्या मॉडेलसाठी आणि तुमच्या बीएस नॉर्मसाठी (गाडीच्या धुराची सरकारी मर्यादा) मंजूर असावं लागतं. २०१०मध्ये बीएस-४ पहिल्यांदा तेरा शहरांत आलं, त्यात आपलं सोलापूर होतं, त्यामुळे इथली २०१३ची गाडी बीएस-४ असणार. तरी आरसीवर बघून घ्या. बीएस-६ गाड्यांनाही २०२२पासून परवानगी आहे, पण तो तुमचा प्रश्न नाही.

होटगी रोड
स्टेपनीचं कुणीच बोललं नाही. टाकी तिच्या जागी बसली की स्टेपनी डिकीत आडवी येते. म्हणजे डिकी वाचवायला एलपीजी घेतला आणि अर्धी डिकी स्टेपनीने खाल्ली. गाठोडी तिच्यावर रचा, आणि मोहोळजवळ पंक्चर झालं की भर रस्त्यात सगळी उतरवा.

गॅसवाला गडी
पंक्चर किट आणि हवेचा छोटा पंप ठेवतो मी, स्टेपनी घरी.

जुळे सोलापूरकर
बार्शीच्या रस्त्यावर खड्ड्याने टायरची बाजूच फाटली तर तुमचं पंक्चर किट काय करणार? माझं ऐका. ही गाडी विका, वर थोडे घाला आणि कंपनी-फिटेड सीएनजी सेकंडहँड घ्या. नोंदी आधीच झालेल्या, पंप वाढतायत.

गॅसवाला गडी
आणि डिकी? सिलिंडर आडवा पडलेला असतो तिथे चादरींचे नमुने काय टपावर बांधायचे? रांगेत उभं राहायचं ते वेगळंच. टॉवेलवाले, एकच करा. तुमच्या रोजच्या वाटेवर गॅसचा एक पंप खात्रीचा असेल आणि गाडी अजून पाच वर्षं ठेवायची असेल, तर बसवा. दोन्हींपैकी एक जरी नसेल तरी मीही बसवा म्हणणार नाही.

हिशेबनीस
हे तुम्ही पहिल्याच उत्तरात म्हणाला असता तर एवढं भांडण झालं नसतं.

टॉवेलवाला
गाडी ठेवायचीच आहे. पंपाचं खरं सांगायचं तर शहरातला एक माहीत आहे, पंढरपूरकडचं ठाऊक नाही. या आठवड्यात तिकडे फेरी आहे, जाता-येता बघतो. कॉम्प्रेशनही तपासून घेतो, पण दुसऱ्या गॅरेजात.

हिशेबनीस
आणि त्या पहिल्याकडून भाव लेखी घ्या. सिक्वेन्शियल किट, टाकी, आरटीओची नोंद, सगळं धरून. बघू पस्तीस राहतात का.