मदत हवी आहे: मंजूर भार ८० किलोवॅट, १२ इलेक्ट्रिक व्हॅन, रात्रीचं चार्जिंग

आमच्या १२ डिलिव्हरी व्हॅन रात्री १० ते सकाळी ६ डेपोत उभ्या असतात. प्रत्येकीला रोज साधारण २८ युनिट लागतात. चार्जर ७.४ किलोवॅटचे, सिंगल फेज, तिन्ही फेजवर चार-चार वाटलेले. शीतगृहाचा २५ किलोवॅट भार रात्रभर चालूच असतो, म्हणजे चार्जिंगला उरतात ५५.

सगळे चार्जर एकदम लावले तर ८९ किलोवॅट होतात, म्हणून टायमर लावून सहा-सहाच्या दोन पाळ्या केल्या. पण चार्जिंगमधली घट धरता एका व्हॅनला चार तासांहून जास्त वेळ लागतो, त्यामुळे दुसरी पाळी सकाळी अपुरी राहते. उशिरा आलेल्या गाडीची तर पाळीच हुकते. खरं तर ही घट धरूनही आठ तासांची सरासरी गरज ४७ किलोवॅटच्या आसपासच आहे, म्हणजे वीज पुरते, वाटप चुकतंय. ट्रान्सफॉर्मरवर जागा नसल्याने भार वाढवणं सध्या शक्य नाही.

चार्जर ओसीपीपी १.६ वर (चार्जर आणि त्यांना नियंत्रित करणारी यंत्रणा यांच्यातल्या संवादाचं खुलं मानक) चालतात, म्हणून मुख्य मीटर वाचून भार आपोआप वाटणारा कंट्रोलर बसवायचा विचार आहे. मात्र डेपोतलं इंटरनेट वारंवार जातं. ज्यांनी हे प्रत्यक्ष चालवलंय त्यांनी सांगावं: कंट्रोलर डेपोतच असेल तर इंटरनेट गेल्यावरही मर्यादा पाळली जाते का, आणि कंट्रोलरच बंद पडला तर चार्जर किती अँपिअरवर येतील असं ठरवून ठेवावं?