मंडळाच्या बोर्डावर मानसिक आजाराचा विषय घेतोय, विनोद चालेल का?

फ्लेक्सवाला_कराड
नमस्कार मंडळी. माझं डिझाइन-प्रिंटिंगचं काम आहे. आमच्या मंडळानं यंदा गणपतीत मानसिक आजार हा विषय घेतलाय आणि दहा बोर्ड माझ्याकडे आलेत. पोरांनी पहिलं सँपल पाठवलं ते काळं बॅकग्राउंड, डोकं धरून बसलेला माणूस आणि वर लाल अक्षरात 'वेळीच सावध व्हा'. दुसऱ्यानं 'येरवड्याला जायच्या आधी हे वाचा' अशी ओळ सुचवली, ग्रुपवर सगळे हसले. मला नाही हसू आलं. माझी मावशी दीड महिना अ‍ॅडमिट होती, परत आली तेव्हा गल्लीतल्या बायका तिच्या हातचा चहा घेताना एकमेकींकडे बघायच्या, मी समोरच बसलेलो. पण नुसतं गंभीर लिहिलं तर लोक प्रसाद घेऊन निघून जाणार, वाचणार कोण? हसवायचं तर आहे पण मावशी त्या बोर्डासमोर उभी राहिली तर तिची मान खाली जायला नको. कसं करू?

ओपीडीतली_ताई
दादा, मी मानसोपचार विभागात समाजसेविका आहे. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथं सरकारी मनोरुग्णालयं आहेत म्हणून ही नावं आपल्याकडे टोमण्यासारखी वापरतात, आणि त्यामुळेच पेशंट खुर्चीत बसायच्या आधी विचारतो, 'मला तिकडे नाही ना पाठवणार?' तेव्हा ती ओळ नकोच. डोकं धरलेला माणूसही काढा, माझ्यासमोर बसणारे बरेच जण डबा घेऊन थेट ऑफिसातून आलेले असतात.

हसायचं तर सल्ले देणाऱ्यांवर हसा. 'मोतीबिंदू झालाय? लग्न लावून द्या, दिसायला लागेल.' 'शुगर ४०० आली? जरा मन रमव.' मी नातेवाइकांना हे असंच ऐकवते, ते हसतात, मग गप्प होतात आणि मग खरं काय ते सांगायला लागतात. फक्त पोराला देवऋषाकडे नेणाऱ्या आईवर जोक करू नका, ती जीव तुटतो म्हणूनच नेते. आणि एक बोर्ड कायद्याला द्या, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात विमा कंपन्यांनी मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरायचा असं स्पष्ट आहे, लोकांना माहीतच नसतं.

रात्रीची_गोळी
मला बायपोलर आहे, म्हणजे मूड कधी खूप चढतो, कधी पार खाली जातो तो आजार, नऊ वर्षं त्यावरची लिथियमची गोळी चालू आहे. लग्नानंतर पहिली दोन वर्षं मी स्ट्रिप तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवायचे, हात घातला की आधी सगळीकडे बघायचं कोणी येतंय का. आता आमच्याकडे फरसाणाचा एक जुना चौकोनी डबा आहे, त्यात सासऱ्यांची बीपीची, सासूबाईंची थायरॉइडची आणि माझी, सगळ्या एकत्र. जेवण झालं की सासरे डबा वाजवतात, 'चला, आपापला प्रसाद घ्या.' मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मोरीत जाऊन रडले होते. असा डबा काढा ना बोर्डावर.

रंगपेटी
ताईंच्या ओळी एक नंबर. जागेचं सांगतो. दर्शनाच्या रांगेत माणूस पंधरा-वीस मिनिटं अडकलेला असतो, बोर्ड तिथं लावा, स्टेजजवळ नको. पिवळं नाहीतर पांढरं बॅकग्राउंड, एका बोर्डावर एकच ओळ. टेलिमानसचा १४४१६ नंबर (मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं) शेवटच्या बोर्डावर वेगळा टाकू नका, चारचौघात त्याचा फोटो काढायला कोणी मोबाइल बाहेर काढणार नाही. प्रत्येक जोकच्या खाली ठसठशीत टाका. मग ज्याला नंबर पाहिजे त्यानं फोटो काढला तरी बाजूच्याला वाटणार, जोकचा काढतोय.

फ्लेक्सवाला_कराड
रंगपेटी, हे माझ्या डोक्यातच आलं नसतं. दहाही बोर्डांवर नंबर टाकतोय.

काल मावशीला मोतीबिंदूची ओळ वाचून दाखवली, धाकधूक होती. ती पदर तोंडाला लावून हसली आणि म्हणाली, 'मला तिघींनी सांगितलेलं, सून आली की बरी होशील.' तीन नंबरच्या बोर्डावर हेच घेतोय, तिला विचारून, नाव न टाकता. डबा फोटोशॉपमध्ये नाही, हातानं रंगवणार आहे. रात्रीची_गोळी ताई, तो प्रसादाचा डायलॉग वापरला तर चालेल का, सासऱ्यांना विचारून सांगा, शुक्रवारी प्रिंटला जायचंय.