मदत हवी आहे: रक्त पातळ ठेवणारी अ‍ॅसिट्रॉम चालू असताना आयएनआर एकदम 4.6

सायली_प
आईला (वय 58) हृदयातल्या मायट्रल झडपेच्या जागी मेटलचा व्हॉल्व्ह बसवलाय, 2 वर्षं झाली. अ‍ॅसिट्रॉम 2 मिग्रॅ रोज रात्री 8 वाजता. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, जास्त म्हणजे रक्त जास्त पातळ) 2.5 ते 3.5 मध्ये ठेवायचा आहे आणि गेले सहा महिने 2.8 ते 3.1 येत होता. दाढ सुजली म्हणून दंतवैद्यांनी अमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडॅझोल 400 ही अँटिबायोटिक्स, दिवसातून तीनदा, पाच दिवसांसाठी दिलंय. आज चौथा दिवस, रिपोर्ट 4.6. रक्त कुठूनही येत नाही. चावता येत नाही म्हणून चार दिवस पेज आणि ताकभातावर आहे. आज रात्रीची गोळी द्यायची का? आणि पुढच्या आठवड्यात दाढ काढायची आहे, तेव्हा गोळी बंद करायची का?

औषधवाला
8 वाजायच्या आत हृदयरोगतज्ज्ञांना फोन करा. आकडा, व्हॉल्व्ह कुठला आणि चालू असलेली सगळी औषधं, तिन्ही सांगा. रक्त येत नसेल तर या आकड्याला बहुतेक वेळा एखादा डोस गाळून एक-दोन दिवसांत पुन्हा तपासायला सांगतात, पण ते त्यांनी ठरवायचं. कुणी सुचवलं तरी आयएनआर खाली आणणारं व्हिटॅमिन के स्वतःहून देऊ नका. मेटलच्या व्हॉल्व्हवर आयएनआर एकदम खाली आपटला तर गुठळीची भीती असते.

कारण तुमच्या प्रश्नातच आहे. अ‍ॅसिट्रॉम मोडून टाकणारं यकृतातलं एन्झाइम मेट्रोनिडॅझोल अडवतं, त्यामुळे तीच गोळी जास्त जोरात चढते. त्यात खाणं कमी, म्हणजे व्हिटॅमिन केही कमी. दुखण्यासाठी काय चालू आहे?

सायली_प
डायक्लोफेनॅक, सकाळ-संध्याकाळ.

औषधवाला
याच फोनवर तेही सांगा आणि विचारल्याशिवाय पुढची गोळी देऊ नका. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन ही औषधं जठराचं अस्तर दुखावतात आणि प्लेटलेटचं कामही मंदावतात. आयएनआर 4.6 असताना पोटात रक्तस्राव व्हायला तेवढं पुरतं. डांबरासारखी काळी, चिकट शी झाली तर थेट इस्पितळात न्या. अचानक जोराचं डोकं दुखलं किंवा डोक्याला मार लागला, तर बाहेर जखम दिसत नसली तरी न्या. दुखण्यावर पॅरासिटामॉल बरं, पण तेही दिवसाला 2 ग्रॅमच्या आसपास बरेच दिवस चाललं तर आयएनआर चढवतं.

निळं_झाकण
रक्त निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये घेतलं होतं ना? त्यात आधीच सायट्रेट (रक्त गोठू न देणारं रसायन) असतं, नऊ भाग रक्ताला एक भाग. ट्यूब खुणेपर्यंत भरली नाही तर सायट्रेट जास्त होतं आणि आयएनआर खोटाच वाढलेला दिसतो. इथे कारण स्पष्ट असल्यामुळे 4.6 खराच धरून चाला, पण पुढच्या वेळी ट्यूबकडे लक्ष द्या आणि लॅब तीच ठेवा.

सायली_प
फोन झाला. आजची गोळी गाळायची, डायक्लोफेनॅक बंद, परवा सकाळी आयएनआर. मेट्रोनिडॅझोलबद्दल ते दंतवैद्यांशी बोलणार आहेत. आणखी एक, पालेभाजी आईने दोन वर्षांपासून पूर्ण सोडली आहे. ते बरोबर आहे ना?

औषधवाला
नाही, सोडायची गरज नव्हती. मेथी, पालक, शेपू, माठ यांत व्हिटॅमिन के भरपूर असतं आणि अ‍ॅसिट्रॉम त्याच्याच विरुद्ध काम करते. म्हणून आठवड्याला साधारण सारखी पालेभाजी हवी. साठा मुळातच कमी असला की चार दिवसांच्या पेजेनेही आकडा हलतो. आता एकदम सुरू करू नका. डॉक्टरांना सांगून थोडी थोडी वाढवा, डोस त्याप्रमाणे बसवतील. पावसाळ्यात रोज टाकळा-अळू आणि नंतर उपवासात नुसता साबुदाणा, असं झालं की आकडा खाली-वर होणारच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आयएनआर चढला की सगळे धावतात, उतरताना कोणी बघत नाही. मेट्रोनिडॅझोल संपलं की काही दिवसांत त्याचा परिणाम ओसरतो. तोवर अ‍ॅसिट्रॉम कमी केलेली असेल आणि पुन्हा वाढवायची राहिली, तर आयएनआर 2 च्या खाली जातो आणि व्हॉल्व्हवर गुठळी धरते. त्यामुळे परवाच्या तपासणीवर थांबू नका, कोर्स संपल्यावर आठवड्याच्या आत आणखी एक करा. रात्री शांततेत आईच्या व्हॉल्व्हची टिकटिक ऐकू येते ना? ती दबल्यासारखी वाटली, धाप लागली, तोंड वाकडं झालं किंवा हात-पाय लुळा पडला, तर त्याच क्षणी इस्पितळ.

मोलर
दाढेचं: गोळी आपल्या मनाने बंद करू नका. आयएनआर ठरलेल्या पट्ट्यात आला की एक-दोन दात सहसा गोळी चालू ठेवूनच काढतात. टाका घालतात, गॉज दाबून धरायला लावतात, रक्त थांबवणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडच्या गुळण्या देतात. आयएनआर दाढ काढायच्या आदल्या दिवशीचा हवा, दोन आठवड्यांपूर्वीचा रिपोर्ट चालत नाही. सकाळची वेळ घ्या, म्हणजे पुन्हा रक्त आलं तर दिवसाउजेडी दवाखाना उघडा मिळतो. व्हॉल्व्हला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून दाढ काढण्याआधी साधारण तासभर अँटिबायोटिकचा एक मोठा डोस लागतो, एरवी अमॉक्सिसिलिन 2 ग्रॅम. त्या नुकत्याच तेच घेत होत्या, म्हणून वेगळं औषध द्यायचं की थोडं थांबायचं, ते दंतवैद्यांना आधीच विचारा.

सायली_प
आयएनआरची वही आणि सध्याच्या सगळ्या स्ट्रिपा उद्या दंतवैद्यांना दाखवते. परवाचा आकडा इथेच टाकते.