प्रतिसाद: नव्या गावात वाचनालयाचं सभासदत्व

वाचनालयात नाव घालायचं तर जामीनदार सभासद, म्हणजे आपली हमी देणारा आधीचा सभासद मागतात आणि नव्या गावात ओळख नाही, अशी अडचण एकानं मांडली आहे. आधी आठवडाभर संध्याकाळी मोफत वृत्तपत्र विभागात बसा. रोजची मंडळी ठरलेली असतात, त्यांतलंच कुणीतरी सही देतं. तरीही अडलं, तर जास्त अनामत घ्याल का, असं ग्रंथपालांना विचारा. आधारची प्रत आणि दोन फोटो जवळ ठेवा.

अनामतीची पावती मात्र जपाच! गाव सोडताना ती नसेल तर पैसे अडकतात.

हवं ते पुस्तक नसेल, तर नुसतं तोंडी सांगू नका. मागणी वहीत लेखक-प्रकाशकासह लिहा, खरेदीच्या वेळी तीच वही उघडतात. दिवाळी अंकांची वर्गणी बहुधा वेगळी असते, दिवाळीआधीच नाव नोंदवा. उशीर झाला की गाजलेले अंक थेट उन्हाळ्यात हाती पडतात.