प्रति: दोन्ही एकदम जमत नाही

व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल खेळणं आणि डॉक्टरकी शिकणं हे दोन्ही एकदम जमत नाही, असं वर कुणीतरी लिहिलंय. मायरन रोल या खेळाडूनेही आधी एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) सोडलं, मगच मेडिकलला गेला, हे त्यातलं म्हणणं बरोबर. पण त्यावरून ‘दोन्ही एकदम अशक्यच’ हे काही पटलं नाही. डॅनी फोर्टमनचं नाव इथे कुणीच घेतलं नाही. कोलगेट विद्यापीठाकडून (हो, त्याच साबणवाल्या घराण्याचं नाव) खेळलेल्या या पोराला १९३६ च्या पहिल्यावहिल्या एनएफएल ड्राफ्टमध्ये (संघ आळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) शिकागो बेअर्स संघाने अगदी शेवटच्या फेरीत उचललं. बेअर्सचा प्रशिक्षक जॉर्ज हॅलसने त्याला वर्गांसाठी सराव बुडवायची मुभा दिली आणि त्याने खेळता खेळता १९४० मध्ये शिकागो विद्यापीठाची एमडी (अमेरिकेतली डॉक्टरकीची पहिली पदवी) मिळवली. गंमत म्हणजे, त्याच विद्यापीठाने १९३९ मध्ये स्वतःचा फुटबॉल संघच बंद करून टाकला होता!

डॉक्टर झाल्यावरही तो १९४३ पर्यंत खेळला, मग युद्धात नौदलात गेला आणि नंतर लॉस एंजेलिस रॅम्सचा संघ-डॉक्टर झाला. अर्थात आज असा सराव बुडवू देणारा प्रशिक्षक मिळणं कठीणच. अडचण अभ्यासापेक्षा वेळापत्रकाची जास्त आहे, असं माझं मत.