'लेंड अ हँड' मराठीत कसे आणावे? मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार. एका इंग्रजी माहितीपुस्तिकेचे भाषांतर करताना 'लेंड अ हँड' या वाक्प्रचारापाशी मी अडलो आहे. 'लेंड' म्हणजे उसने देणे असले, तरी येथे परतफेड अपेक्षित नसते आणि मदतही बहुधा किरकोळ, अंगमेहनतीची असते; जसे, टेबलाचे दुसरे टोक धरणे किंवा भांडी विसळून देणे. आपले 'हातउसने' मात्र थेट पैशांवर जाते, म्हणून तो मोह मी आवरला. 'हातभार लावणे' सर्वांत जवळचे वाटते, परंतु त्यात मोठ्या कार्यातील वाटा उचलण्याची छटा आहे, तर 'हात देणे' म्हटले की अडचणीतल्याला सावरणे डोळ्यांसमोर येते. शेजारीण पिंप उचलताना 'जरा हात लाव गं' म्हणते, नेमके तेच मला हवे आहे. पण औपचारिक लेखनात ते शोभेल का?

शिवाय 'गिव्ह मी अ हँड' म्हणजे मला मदत करा, आणि 'गिव्ह हर अ बिग हँड' म्हणजे तिच्यासाठी टाळ्या वाजवा. 'लेंड' वापरल्यास टाळ्यांचा अर्थ निघत नाही, हे माझे आकलन बरोबर आहे ना? जाणकारांनी एखाद्या वाक्यासह सांगावे, ही विनंती.