मदत हवी आहे: सोनोग्राफी नॉर्मल, तरी पीसीओएस कसं?

वय २६. पाळी दीड-दोन महिन्यांनी येते, हनुवटीवर राठ केस आहेत. सोनोग्राफीत अंडाशय नॉर्मल, तरी डॉक्टरांनी पीसीओएस (अंडाशयाशी जोडलेला हार्मोनचा बिघाड) लिहिलंय. चुलत बहिणीच्या सोनोग्राफीत 'गाठी' आहेत, पण पाळी वेळेवर येते. तिला पीसीओएस नाही म्हणाले. हे उलटं कसं? आणखी कुठल्या तपासण्या लागतात? मेटफॉर्मिनने (मधुमेहावरच्या गोळीने) केस कमी होतात का?

प्रतिसाद १
दोन्ही निदानं बरोबर असू शकतात. तीनपैकी दोन गोष्टी लागतात: अनियमित पाळी (२१ दिवसांच्या आत किंवा ३५ दिवसांनंतर), अँड्रोजन (पुरुषी हार्मोन) वाढल्याची खूण (राठ केस किंवा रक्तात जास्त टेस्टोस्टेरॉन) आणि सोनोग्राफीत दिसणाऱ्या अशा 'गाठी'. तुमच्यात पहिल्या दोन आहेत, बहिणीत फक्त तिसरी. त्या 'गाठी' म्हणजे अर्धवट वाढून थांबलेल्या बीजपुटिका (अंडं ज्यात वाढतं त्या छोट्या पिशव्या), त्या काढायच्या नसतात. निरोगी तरुण मुलींमध्येही त्या पुष्कळ दिसतात, म्हणून पहिल्या पाळीनंतर ८ वर्षं होईपर्यंत सोनोग्राफीवरून निदान करत नाहीत.

टीएसएच (थायरॉईडसाठी), प्रोलॅक्टिन (दूध येण्याशी संबंधित हार्मोन) आणि १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन (अधिवृक्क ग्रंथीच्या बिघाडासाठी) या रक्ततपासण्या झाल्यात का, ते बघा. त्यांतून कळणारे दुसरे आजार वगळल्याशिवाय निदान पक्कं होत नाही. केस अचानक झपाट्याने वाढले किंवा आवाज घोगरा झाला, तर थांबू नका, लगेच दाखवा. तेव्हा कारण वेगळं असू शकतं.

प्रतिसाद २
तपासणीत दोन घोटाळे नेहमी होतात. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना टेस्टोस्टेरॉन कमीच दिसतं. मोजायचंच असेल तर डॉक्टरांना विचारून गोळ्या किमान ३ महिने बंद हव्यात, आणि तेवढ्या काळात दुसरं गर्भनिरोधक हवं. दुसरं, केसांसाठी बायोटिन (एक जीवनसत्त्व) घेत असाल तर लॅबला सांगा, हार्मोनचे आकडे चुकू शकतात.

साखरेसाठी नुसत्या उपाशीपोटीच्या आकड्यावर समाधान मानू नका. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन २ तासांनी मोजलेली साखर जास्त सांगते. वजन कमी असलं तरी ही तपासणी करा. रक्तदाब आणि लिपिडही (रक्तातली चरबी) त्यातच उरकून घ्या.

प्रश्नकर्ती
आभार! पाळी दोन-तीन महिने आली नाही तर काही बिघडतं का? त्रास तर काहीच होत नाही.

प्रतिसाद १
बिघडतं. अंडं सुटत नाही, म्हणून प्रोजेस्टेरॉन (अस्तराची वाढ आवरणारा हार्मोन) बनत नाही. इस्ट्रोजेन (अस्तर वाढवणारा हार्मोन) मात्र चालू असतं आणि गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं. हे वर्षानुवर्षं चाललं तर अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढतो. ९० दिवस उलटले की आधी गर्भचाचणी करा, मग डॉक्टरांकडे जा. सहसा प्रोजेस्टेरॉन गटातलं औषध १०-१४ दिवस देतात. ते थांबल्यावर काही दिवसांत पाळी येते. ही पाळी औषधाने आणलेली असते. तिच्यावरून अंडं सुटू लागलं, असं समजू नका.

प्रतिसाद ३
केसांवर मेटफॉर्मिनचा उपयोग फार थोडा. त्यासाठी गर्भनिरोधक गोळ्या, आणि गरज पडली तर पुढे स्पायरोनोलॅक्टोन (अँड्रोजनचा परिणाम रोखणारं औषध). फरक दिसायला किमान ६ महिने लागतात, कारण केसाचं चक्रच तेवढं संथ असतं. दोन महिन्यांत औषध सोडणं ही सगळ्यात मोठी चूक. आधीच राठ झालेल्या केसांसाठी लेझर सोबत चालतं. स्पायरोनोलॅक्टोन चालू असताना गर्भ राहता कामा नये.

साखर किंवा पाळीसाठी मेटफॉर्मिन दिलंच तर ५०० मिग्रॅपासून, जेवणासोबत सुरू करून एक-दोन आठवड्यांनी वाढवतात. एकदम मोठा डोस घेतला की मळमळ आणि जुलाब होतात आणि बरेच जण तिथेच सोडतात. दीर्घकाळ घेतलं तर बी-१२ अधूनमधून तपासा. आणि पाळी लांबते म्हणून गर्भ राहणारच नाही, असं धरून चालू नका. अंडं कधीही सुटू शकतं.